ऑलमन स्ट्रोजर

टेलिफोनचा शोध १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने लावला, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु दोन माणसांनी एका तारेच्या दोन टोकांशी उभे राहून बोलणे निराळे, आणि गावातील शेकडो माणसांपैकी कोणीही हव्या त्या दुसऱ्या माणसाशी बोलणे निराळे. पहिली गोष्ट बेलने साधली. दुसरी साधावी म्हणून पुढे कित्येक वर्षे साऱ्या तारांच्या मधोमध एक माणूस बसवावा लागत असे. त्या माणसाच्या जागी यंत्र बसवून दाखविणारा पुरुष विद्युत्शास्त्रज्ञ नव्हता, इंजिनिअर नव्हता, मोठ्या कारखान्याचा धनीही नव्हता. मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करून चरितार्थ चालविणारा तो एक सामान्य व्यावसायिक होता. त्याचे नाव ऑलमन ब्राऊन स्ट्रोजर.

स्ट्रोजरचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर शहराजवळील पेनफील्ड या गावी झाला. त्याच्या बालपणाविषयी एक मौजेची गोष्ट सांगतात. आईने मुलांना घरातील एखादे काम सांगितले, की ऑलमन आणि त्याचे भाऊ प्रथम ते काम आपल्याऐवजी करील असे एखादे यंत्र जुळविता येईल काय, याचाच विचार करीत बसत. काम त्यामुळे लवकर होई की उशिरा, हे त्या माउलीलाच ठाऊक! मात्र पुढील आयुष्यात स्ट्रोजरने जे केले, त्याचे बीज या खोडकरपणात दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण या विभागांत यादवी युद्ध पेटले. तरुण स्ट्रोजर उत्तरेच्या सैन्यात न्यूयॉर्कच्या ८ व्या घोडदळात दाखल झाला आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्धानंतर त्याने काही काळ शिक्षकाचा पेशा पत्करला. नंतर तो पश्चिमेकडे कॅन्सस राज्यात गेला आणि तेथे त्याने अंत्यविधीच्या व्यवस्थेचा धंदा आरंभिला.

हा धंदा आपल्याकडील वाचकांस थोडा अपरिचित वाटेल. आपल्याकडे कोणी वारले, तर शेजारीपाजारी व आप्तेष्ट धावून येतात आणि सर्व व्यवस्था करतात. अमेरिकेत ही जबाबदारी एका व्यावसायिकावर सोपविण्याची रीत आहे. शवपेटी आणणे, मृतदेहाची तयारी करणे, गाडी व दफनभूमीची व्यवस्था पाहणे ही सारी कामे तो करतो. मृत्यू काही सांगून येत नाही. म्हणून अशा व्यावसायिकाकडे निरोप तातडीने पोहोचला पाहिजे. आणि ज्याला निरोप आधी पोहोचेल, त्यालाच काम मिळेल. टेलिफोन गावात आल्यावर हा निरोप तारेवरून येऊ लागला. स्ट्रोजरचे पोट त्या तारेवर अवलंबून राहिले, ते असे.

त्या काळी टेलिफोन कसा जोडला जाई, हे समजून घेतल्यावाचून स्ट्रोजरची अडचण नीट ध्यानात येणार नाही. प्रत्येक ग्राहकाच्या घरून निघालेली तार एका मध्यवर्ती कचेरीत, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, जाऊन मिळे. असे पहिले व्यापारी एक्स्चेंज २८ जानेवारी १८७८ रोजी न्यू हेवन येथे २१ ग्राहकांनिशी सुरू झाले. एक्स्चेंजमध्ये एक मोठा फळा असे. त्यावर प्रत्येक ग्राहकासाठी एक भोक आणि त्या भोकाजवळ एक लहानशी झडप असे. घरी टेलिफोनची मूठ गरगर फिरविली, की एक्स्चेंजमधील ती झडप खाली पडे. मग तेथे बसलेला ऑपरेटर दोरीसारख्या तारेचे एक टोक त्या भोकात खुपसून कोण हवे ते विचारी, आणि दुसरे टोक हव्या असलेल्या माणसाच्या भोकात घालून दोघांची गाठ घालून देई. बोलणे आटोपले, की मूठ पुन्हा फिरवावयाची. त्या खुणेसरशी ऑपरेटरने दोरी काढून घ्यावयाची.

प्रारंभी या कामावर मुलगे नेमीत. परंतु ते ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, एकमेकांच्या खोड्या काढीत. १८७८ सालीच बोस्टन येथे एमा नट या तरुणीची नेमणूक झाली आणि थोड्याच काळात हे काम बहुतांशी स्त्रियांच्या हाती गेले. त्यांनी ते किती दक्षतेने केले, याची साक्ष तत्कालीन लोकांनी दिली आहे. गावातील डॉक्टर या घटकेस कोणत्या घरी गेले आहेत, आग कोणत्या आळीत लागली आहे, हे ऑपरेटरबाईस ठाऊक असे. ग्राहकांना क्रमांकांची आवश्यकताही प्रथम भासत नव्हती. बाईंना सर्वांची नावे पाठ असत. १८७९ साली लोवेल या गावी गोवराची साथ आली. सर्व ऑपरेटर एकदम आजारी पडल्या, तर नवख्या माणसांना कोणाची तार कोणती हे कसे कळणार, अशी शंका तेथील एका डॉक्टरास आली, आणि त्याच्या सूचनेवरून ग्राहकांना क्रमांक देण्यात आले, असे सांगतात. माणसाची ओळख पटवावयास नावाऐवजी आकडा पुरतो, ही गोष्ट यंत्राच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. यंत्रास नाव कळत नाही. मोजता मात्र येते.

आता स्ट्रोजरच्या तक्रारीकडे वळू. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे आणि नंतर मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे त्याचा धंदा होता. आपल्याकडे यावयाची गिऱ्हाइके भलतीकडेच जातात, असा त्याचा समज झाला. गावात दुसरा एक अंत्यविधी-व्यावसायिक होता. त्याचीच पत्नी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि कोणी स्ट्रोजरला बोलावले की ती बाई तो निरोप आपल्या पतीकडे वळवी, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. हिच्यात तथ्य किती, हे सांगणे कठीण आहे. दुसरी एक हकीकत अशी, की स्ट्रोजरच्या दुकानाची पाटी वाऱ्याने हलून तारेला लागे आणि त्याचा टेलिफोन तेवढ्यापुरता मुका होई. ही हकीकत खरी असेल, तर त्या बिचाऱ्या बाईवर उगाच आळ आला असे म्हटले पाहिजे. काहीही असो, आपले नुकसान मधल्या माणसामुळे होत आहे, अशी स्ट्रोजरची खात्री झाली होती. तो स्वभावाने तापट होता. कंपनीकडे तो वरचेवर तक्रारी करी.

परंतु तक्रारींवर थांबला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. ऑपरेटर बदलावा, अशी मागणी शंभरांतील नव्याण्णव माणसांनी केली असती. स्ट्रोजरने मुळात ऑपरेटरची गरजच काय, असा प्रश्न केला. हवा तो क्रमांक ग्राहकाने स्वतः यंत्रास सांगावा, यंत्राने तो निमूटपणे जोडावा, आणि बोलणे संपताच स्वतःच जोडणी सोडावी. यंत्रास नवरा नसतो, शेजारी नसतो. ते कोणाचा पक्ष घेत नाही.

या कल्पनेला त्याने प्रथम जे रूप दिले, ते अगदी साधे होते. त्या काळी पुरुष सदऱ्याला सुटी कॉलर लावीत आणि अशा कॉलरी ठेवावयास पुठ्ठ्याची गोल डबी असे. स्ट्रोजरने अशी एक डबी घेतली, तिच्या भोवती ओळीने टाचण्या टोचल्या आणि मध्ये एक पेन्सिल उभी केली, असे सांगतात. प्रत्येक टाचणी म्हणजे एका ग्राहकाची तार. पेन्सिलीला बसविलेला आडवा हात वरखाली सरकवून व फिरवून कोणत्याही टाचणीला टेकविता येई. टाचण्यांच्या १० रांगा, प्रत्येक रांगेत १० टाचण्या. म्हणजे १०० ग्राहक झाले. ३४ क्रमांक हवा असेल, तर हात ३ पायऱ्या वर चढवावा आणि ४ पावले बाजूला फिरवावा. आपण शाळेत दशक व एकक शिकतो, त्याचाच हा उपयोग होय.

१२ मार्च १८८९ रोजी त्याने या योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी ४,४७,९१८ या क्रमांकाचे पेटंट त्यास मिळाले. स्वयंचलित एक्स्चेंजची कल्पना काही त्यालाच प्रथम सुचली असे नव्हे. कॉनोली बंधू व मॅक्टाय यांनी १८७९ सालीच अशा एका यंत्राचे पेटंट घेतले होते. पण ते व्यवहारात चालले नाही. स्ट्रोजरचे यंत्र चालले, हा मोठा फरक होय.

डबी आणि पेन्सिल यांचे खरे यंत्र करणे हे मात्र एकट्याचे काम नव्हते. स्ट्रोजरचा पुतण्या वॉल्टर त्याच्या साहाय्यास होता. जोसेफ हॅरिस नावाच्या एका विक्रेत्यास या कल्पनेचे महत्त्व पटले. मोझेस मेयर याने द्रव्य पुरविले. १८९१ च्या ऑक्टोबरात शिकागो येथे कंपनी स्थापन झाली.

प्रयोगासाठी गाव हवे होते, आणि ते लवकरच सापडले. इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी एका स्वतंत्र कंपनीचा टेलिफोन होता; परंतु बेल कंपनीने पेटंटच्या खटल्यात तिचा पराभव केल्यामुळे तो बंद पडला होता. टेलिफोनची सवय लागलेले आणि टेलिफोनला मुकलेले असे हे गाव. तेथे ३ नोव्हेंबर १८९२ रोजी जगातील पहिले व्यापारी स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. ग्राहक सुमारे ७५ होते आणि ९९ पर्यंत सामावून घेता येत होते. उद्घाटनासाठी शिकागोहून खास आगगाडी आली, बँड वाजला. फळ्यापुढे कोणी बसलेले नव्हते, तरी टेलिफोन वाजत होते. पाहणाऱ्यांस हे नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

तथापि या पहिल्या यंत्राचा उपयोग करणे सोपे नव्हते. ग्राहकाच्या घरी तारयंत्रासारख्या कळा असत. ३४ क्रमांकासाठी दशकाची कळ ३ वेळा आणि एककाची ४ वेळा मोजून दाबावी लागे. मोजताना चूक झाली, की भलत्याच्याच घरी घंटा वाजे. शिवाय प्रत्येक कळीचा संदेश निराळ्या तारेने जाई; म्हणून एकेका घराकडे अनेक तारा न्याव्या लागत आणि खर्च वाढे.

येथे इतर कल्पक माणसांचा उल्लेख केला नाही, तर अन्याय होईल. अलेक्झांडर कीथ, जॉन व चार्ल्स एरिक्सन हे बंधू आणि फ्रँक लुंडक्विस्ट हे कंपनीत आले आणि त्यांनी यंत्राचा कायापालट केला. १८९६ साली कीथ व एरिक्सन बंधू यांनी कळांच्या जागी फिरती तबकडी आणली. मिलवॉकी शहराच्या नगरभवनात ती प्रथम बसविण्यात आली. आता मोजण्याचे काम तबकडी करू लागली. बोट घालून तबकडी फिरवावी आणि सोडावी; ती परत येताना आकड्याइतके ठोके तारेवरून पाठवी. शून्यासाठी ठोके १०.

पुढे ही पद्धती जेव्हा केवळ दोन तारांवर आली, तेव्हा तिच्यात जे चातुर्य दिसते ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. ग्राहकाने टेलिफोन उचलला, की दोन तारांमधून वीज वाहू लागते. तबकडी परतताना ती हा प्रवाह क्षणभर तोडते, पुन्हा जोडते. प्रत्येक तुटीबरोबर एक्स्चेंजमधील विद्युच्चुंबक दातेरी दांड्याला एक हिसका देतो आणि दांडा एक पायरी चढतो. एक खिट्टी त्याला तेथेच अडवून धरते. दशक संपले, की पुढील ठोक्यांनी दांडा त्याच रांगेत फिरू लागतो आणि हव्या त्या तारेशी येऊन टेकतो. हे झाले जोडणे.

पण सोडावयाचे कसे? टेलिफोन खाली ठेवला, तरी होते काय? प्रवाह तुटतो, एवढेच. तबकडीही प्रवाह तोडते आणि टेलिफोन खाली ठेवणेही प्रवाह तोडते. मग ही तूट आकड्याची की निरोपाची, हे यंत्राने ओळखावे कसे? यावर उपाय काढला तो असा : एक विद्युच्चुंबक मुद्दाम मंद केलेला असतो. त्याच्यावर तांब्याचे जाड कडे बसवितात. त्यामुळे प्रवाह तुटला तरी तो आपली पट्टी लगेच सोडीत नाही, थोडा वेळ धरून ठेवतो. तबकडीच्या तुटी इतक्या अल्प असतात, की तो पट्टी सोडणार तोच प्रवाह परत येतो. टेलिफोन खाली ठेवला, म्हणजे मात्र तूट लांबते. मंद चुंबकाचा धीर सुटतो, पट्टी खाली पडते आणि तिच्यामुळे तिसरा एक चुंबक जागा होऊन खिट्टी उचलतो. मग स्प्रिंगच्या ओढीने दांडा उलट फिरतो आणि आपल्या वजनाने खाली येऊन मूळ जागी बसतो. जी तार आतापर्यंत दोघांची होती, ती पुन्हा कोणाचीच राहत नाही. पुढील माणसासाठी मोकळी होते.

या रचनेत एक उणीवही होती. जोडणी ज्याने केली, त्यानेच ती सोडावयाची. ज्याला टेलिफोन आला त्याने आपला टेलिफोन खाली ठेवला, तरी समोरच्याने ठेवीपर्यंत त्याची तार अडकून राही. एखादा विसराळू माणूस टेलिफोन टेबलावर तसाच ठेवून जेवावयास गेला, तर दुसऱ्याच्या घरचा टेलिफोन विनाकारण बंद पडे. ऑपरेटरबाई असती, तर तिने कानोसा घेऊन दोरी ओढून काढली असती. यंत्र पक्ष घेत नाही हे खरे. पण परिस्थिती पाहून स्वतःच्या मनाने काही करणेही त्याला जमत नाही.

यंत्राची अशी प्रगती होत असता स्ट्रोजर स्वतः त्यापासून दूर होत गेला. १८९६ साली त्याने आपली पेटंटे १,८०० डॉलरना विकली. १८९८ साली कंपनीतील आपला हिस्साही त्याने १०,००० डॉलर घेऊन सोडला. प्रकृतीच्या कारणास्तव तो फ्लॉरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग या गावी जाऊन राहिला आणि तेथेच २६ मे १९०२ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, निधन पावला. त्याच्या पेटंटांचे पुढे काय झाले, हे पाहण्यास तो उरला नाही. १९१६ साली बेल कंपनीने त्यांसाठी २५ लाख डॉलर मोजले.

ज्या बेल कंपनीला ऑपरेटरवाचून टेलिफोन चालेल हे बराच काळ पटत नव्हते, तिनेच १९१९ साली नॉरफोक शहरी स्ट्रोजर पद्धतीचे एक्स्चेंज सुरू केले. इंग्लंडात असे पहिले एक्स्चेंज १९१२ साली एप्सम येथे निघाले होते. १९२२ साली तेथील टपाल खात्याने ही पद्धती अधिकृत म्हणून स्वीकारली. आपल्या देशात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ साली सिमल्यास ७०० तारांचे बसले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, बंगळूर येथे टेलिफोनचा सरकारी कारखाना निघाला आणि एका ब्रिटिश कंपनीच्या साहाय्याने स्ट्रोजर पद्धतीची यंत्रे भारतातच तयार होऊ लागली. मुंबईसारख्या शहरांतील एक्स्चेंजमध्ये रांगेने उभ्या असलेल्या या यंत्रांचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना तो विसरता येत नाही : हजारो दांडे टकटक चढत आहेत, फिरत आहेत, खळकन खाली येत आहेत, आणि त्या प्रत्येक आवाजामागे कोणीतरी कोणाला तरी हाक मारीत आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर हा आवाज हळूहळू थांबला. ब्रिटनमधील शेवटचे स्ट्रोजर एक्स्चेंज १९९५ साली बंद झाले.

या पद्धतीमुळे असंख्य स्त्रियांची नोकरी गेली, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. एका बाईच्या कथित अपराधाचे प्रायश्चित्त कित्येक निरपराध बायकांना भोगावे लागले. दुसऱ्या बाजूस हेही तितकेच खरे, की लाखो ग्राहकांच्या शहरात प्रत्येक जोडणी हाताने करावयाची म्हटले असते, तर तेवढे हात कोठून आणले असते, हा प्रश्नच होता.

स्ट्रोजरचे दफन सेंट पीटर्सबर्ग येथील ग्रीनवुड दफनभूमीत झाले. त्याच्या थडग्यावर सैनिकांच्या थडग्यावर असतो तसा एक लहानसा पांढरा दगड आहे. त्यावर त्याचे नाव, लेफ्टनंट हा हुद्दा आणि न्यूयॉर्कच्या ८ व्या घोडदळाचा उल्लेख, एवढेच कोरले आहे. टेलिफोनविषयी त्या दगडावर एक अक्षरही नाही. १९४५ साली, त्याच्या मृत्यूनंतर ४३ वर्षांनी, टेलिफोनच्या धंद्यातील लोकांनी तेथे येऊन त्याच्या स्मरणार्थ एक ब्राँझचा पत्रा बसविला.